उद्या कोणाचं गाणं उरेल?

फुलसावंगीकरांनी आम्हाला विषय दिला तो असा : आजच्या गायक-संगीतकारांपैकी पुढच्या पिढ्या कोणाला लक्षात ठेवतील? विषय वादाला फार चांगला आहे. चहाच्या टपरीवर काढला तर रात्र सरेल, वाद सरणार नाही. ज्योतिष काही आम्हाला येत नाही. पण मागच्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय टिकलं आणि काय गेलं, हे आपल्याला पाहता येतं. त्यावरून काही कसोट्या हाती लागतात. आज त्या कसोट्याच आपण तपासून बघू.

सुरुवातीला एक गोष्ट बाजूला ठेवू. जाणत्यांना काय आवडतं त्यावरून उद्याचं ठरत नाही. याचा एक मासलेवाईक दाखला आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. सिनेमाची गाणी हलकी, म्हणून त्यांनी आकाशवाणीवर त्यांना चाप लावला. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. ज्यांना हलकी म्हटलं त्यातली कितीतरी गाणी आज सत्तर वर्षांनी इथल्या आज्या गुणगुणतात. पण म्हणून केसकर सगळेच चुकले असंही नाही. शास्त्रीय संगीताला रेडिओवर जी जागा मिळाली तिने अनेक कलावंत जगवले. सांगायचं इतकंच की फर्मान काढून स्मरण घडत नाही, आणि फर्मान काढून विस्मरणही घडत नाही.

मग गाणं टिकतं कशानं? कोणी म्हणेल, सोपं आहे, रेकॉर्ड करून ठेवा. तर तेही बघू. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांची ध्वनिमुद्रणं झाली. भारतातल्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी ही. गाणं संपलं की त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत, ‘माय नेम इज गौहर जान’. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला कळावं कसं, की हे कोण गातंय? नाव ऐकून तो लेबल लावी. त्या काळात आणखी कितीजणींनी, कितीजणांनी गायलं. तबकड्या लाखेच्या, हातातून पडली की तुकडे. काही संग्राहकांच्या कपाटात राहिल्या, पण कपाटातल्या गाण्याला कोणी आठवत नाही. तुमच्या घरी कॅसेटी असतील, त्यांची फीत आता चिकटली असेल. मोबाइल बदलला की त्यातली निम्मी गाणी जातात. तेव्हा ध्वनिमुद्रण म्हणजे बियाणं समजा. कोठीत ठेवलं म्हणजे पीक आलं असं होत नाही; कोणीतरी पेरावं लागतं.

पेरणी होते ती प्रसंगाने. ही आमची पहिली कसोटी : वर्षाच्या पंचांगात त्या गाण्याला जागा आहे का? ‘गीतरामायण’ घ्या. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी. दरवर्षी रामनवमी येते आणि गीतरामायण पुन्हा उजाडतं. वामनदादा कर्डक घ्या. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले, २००४ साली गेले. त्यांच्यामागे कोणती मोठी कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती. पण १४ एप्रिल आली की महाराष्ट्रातल्या वस्तीवस्तीत वामनदादा गायले जातात. आणि आपल्या विदर्भाचे तुकडोजी महाराज. १९६८ साली गेले, पण गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेत त्यांची भजनं अजून खंजिरीवर चालू आहेत. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तर एकीकडे विठ्ठलाच्या देवळावरच्या भोंग्यातून आणि दुसरीकडे भीमजयंतीच्या मांडवातून, असा दोन्हीकडे ऐकू येतो.

दुसरी कसोटी : साध्या गळ्याला ते गाणं पेलतं का? भजनी मंडळातल्या बाईला, लग्नातल्या पोरांना, बैल हाकणाऱ्याला ते म्हणता आलं पाहिजे. सूर थोडा हलला तरी गाणं मोडू नये. संतांच्या अभंगाचं असंच आहे. चाली बदलल्या, वाद्यं बदलली, अभंग राहिला.

पण मग अवघड संगीताचं काय? भीमसेन जोशींची तान काही आपल्याला बैलगाडीत बसून घेता येणार नाही. इथे तिसरी कसोटी लागते, शिष्याची. सवाई गंधर्व १९५२ साली गेले. त्यांचे शिष्य भीमसेन यांनी १९५३ पासून पुण्यात गुरूच्या नावाचा महोत्सव उभा केला. सवाई गंधर्वांची गाणी ज्यांनी कधी ऐकली नाहीत अशा हजारो लोकांच्या तोंडी आज त्यांचं नाव आहे. हे शिष्याचं कर्तृत्व. किशोरी आमोणकर २०१७ साली गेल्या, पण मोगूबाई कुर्डीकर या आपल्या आईकडून आलेली वाट त्यांनी नव्याने आखली आणि आज त्यांच्या शिष्यांच्या गळ्यात ती चालू आहे. कुमार गंधर्वांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली, त्यांतून नवे राग उचलले, आणि ‘अनूपरागविलास’ या पुस्तकात आपल्या बंदिशी लिहून ठेवल्या. लिहून ठेवण्याची किंमत फार मोठी असते. जर्मनीचा बाख १७५० साली वारला. पुढे शिष्य आणि काही जाणकार सोडले तर लोक त्याला जवळजवळ विसरले. १८२९ साली बर्लिनमध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सनने त्याची एक मोठी रचना पुन्हा सादर केली आणि बाख जगाला परत मिळाला. कागद जपलेला होता म्हणून! जपलाच नसता तर तो पोरगा काय उघडून बघणार होता?

चौथी गोष्ट नावाची. गाणं उरतं आणि माणूस जातो, असं आपल्याकडे पुष्कळ झालंय. संत मंडळी या बाबतीत फार हुशार. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, पुढे ‘तुकड्यादास म्हणे’. छापखाना असो-नसो, गाणारा प्रत्येक माणूस कवीचं नाव घेऊनच थांबतो. वामनदादाही शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत. गौहर जान तबकडीवर नाव सांगत ते हॅनोव्हरच्या कारागिरासाठी, संतांनी सांगितलं ते तुमच्या-आमच्यासाठी. आजच्या गाण्यात ही सोय नाही. पोरं म्हणतात ‘अमक्या हिरोचं गाणं’. लिहिलं कोणी, चाल कोणाची, पत्ता नाही. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का झाला. पैशाचा हक्क कायद्याने दिला, पण आठवणीचा हक्क कायदा कसा देणार?

आता या चार कसोट्या लावून आमचा अंदाज सांगतो, पटला तर घ्या. लता मंगेशकर राहतील, कारण त्यांच्या गाण्यांना भूपाळीपासून अंगाईपर्यंत दिवसाच्या प्रत्येक प्रहरात जागा आहे. भीमसेन राहतील, शिष्य आणि महोत्सवामुळे, आणि अभंग त्यांनी घरोघरी पोचवला म्हणून. सुरेश भटांसारखा अमरावतीचा कवी राहील. त्यांची गझल नुसती वाचली तरी तिला गाणं आहे. वामनदादांबद्दल आम्हाला शंकाच नाही. आजच्यांपैकी अजय-अतुल यांची बरीच गाणी वरातीत आणि गणपतीत शिरली आहेत, म्हणजे पहिल्या दोन कसोट्या उतरल्या. पुढचं पन्नास वर्षांनी कळेल.

पण मंडळी, आम्हाला खरी काळजी या बड्या नावांची नाही. त्यांना सांभाळायला पुष्कळ हात आहेत. काळजी आहे ती जिचं नाव कोणत्याच तबकडीवर नाही तिची. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवी म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव, सगळं टिपून ठेवलं. का? तर जातं बंद पडलं, घरोघरी गिरणीचं पीठ आलं, आणि ज्या प्रसंगात गाणं जगत होतं तो प्रसंगच गेला. पहिली कसोटीच संपली. मग उरली फक्त वही.

आपल्या भागातही तसंच आहे. इथल्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गातात. होळी आहे तोवर लेंगी राहील असं वाटतं. पण डीजे आला की म्हातारी गाणारीण गप्प बसते, आणि तिच्याबरोबर तिला येणाऱ्या लेंग्या गप्प बसतात. कोलाम-गोंडांच्या वस्तीवरची गाणी, आपल्या भजनी मंडळांच्या जुन्या चाली, जयंतीच्या गायन पार्टीत पेटी धरून चाल बसवणारा तो एक माणूस, यांचं स्मरण मुंबई-पुण्याला कोणी करणार नाही. ते इथेच व्हायचं तर होईल.

व्याख्यान संपल्यावर मागून एका तरुणाने विचारलं, “सर, आमची रीलवरची गाणी म्हणजे सगळी फुकटच का?” उत्तर तुम्हालाही सांगतो. फुकट कशी? नाट्यसंगीताला आणि सिनेसंगीतालाही नावं ठेवणारे होतेच. पंधरा सेकंदांतून पूर्ण गाणं जर तू शोधून काढलंस, चार मित्रांनी मिळून ते म्हटलं, तर ते जगेल. अंगठ्याने नुसतं वर सरकवत राहिलास तर जाईल. ठरवणारा तू आहेस, बाबा.

म्हणून जाता जाता काम सांगतो. दोनशे पानी वही घ्या. गावातल्या आणि तांड्यावरच्या सगळ्यात वयस्क गाणाऱ्यांची यादी करा. त्यांच्या परवानगीने मोबाइलवर गाणं घ्या, आणि सुरुवातीला त्यांनाच स्वतःचं नाव, गाव नि गाणं कोणाकडून शिकले ते सांगू द्या. शब्द वहीत उतरवा. फाईल एका फोनवर ठेवू नका. शाळेत एक, ग्रामपंचायतीत एक, मंडळात एक अशी ठेवा. आणि वर्षातून एक दिवस ती गाणी पोरांकडून गाऊन घ्या. यंदाच्या होळीच्या आत पहिली दहा नावं झाली तर आम्हाला कळवा. आम्ही ऐकायला येऊ.