मणी कुठला आणि काच कुठली?

उत्खननात काचेचा मणी मिळाला की त्याच्या गावाचा शोध बहुधा रंगरूपावरून सुरू होतो आणि तिथेच चुकतो. रंग, आकार, झिलई ही कारागिराची करामत. वाळू कुठली आणि खार कोणता, हे डोळ्यांना दिसत नाही. ते काचेतल्या रासायनिक घटकांवरून कळते. मात्र हे घटक नेमके कशाची साक्ष देतात, याबद्दलच बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : भारतात सापडणारी प्राचीन काच रोमन जगातून आली.

वस्तुस्थिती : रोमन जगाशी आपला व्यापार होता आणि काही काचसामान तिकडून आलेही. पण रोमन काच आणि इथली बहुतांश काच यांचे घटकच वेगळे आहेत. रोमन काचेत इजिप्तमधल्या वादी नत्रूनचा नैसर्गिक सोडा आणि शिंपल्यांचा चुरा मिसळलेली किनाऱ्याची वाळू असे. त्यामुळे तिच्यात चुन्याचे प्रमाण ७-८ टक्क्यांच्या आसपास भरते, तर ॲल्युमिना अवघे २-३ टक्के. भारतीय उपखंडातल्या काचेच्या एका मोठ्या गटात ॲल्युमिना ५ ते १५ टक्के आणि चुना बराच कमी असतो. खारवट जमिनीवर पांढरा फुलतो तो, उत्तरेत ज्याला रेह म्हणतात तसला खार आणि ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या झिजेतून झालेली वाळू एकत्र वितळवली की अशी काच होते. बाहेरची काच आणून इथे नुसते मणी ओढले असतील, असा आक्षेप कुणी घेईल. पण इतक्या ॲल्युमिनाची काच रोमन भट्ट्यांतून निघतच नव्हती, आणि उत्तर प्रदेशातल्या कोपिया इथे तर काचनिर्मितीचे अवशेषच मिळाले आहेत.

गैरसमज : काचेचा रासायनिक प्रकार कळला की मणी कुठे घडला तेही कळते.

वस्तुस्थिती : काच वितळवणे आणि काचेपासून वस्तू घडवणे हे दोन वेगळे धंदे होते. इस्रायलमधल्या बेट एलिएझर इथे १७ भट्ट्यांचे अवशेष सापडले आहेत. तिथे काचेच्या प्रचंड लाद्या वितळवून तयार करून, फोडून, त्यांचे तुकडे दूरदूरच्या कारागिरांकडे पाठवले जात. आपल्याकडचे बोलके उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या चौलचे. लॉर ड्युस्युबियू, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चौलचे आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे मणी एकाच रासायनिक गटात बसले. या काचेत युरेनियम जास्त आणि बेरियम कमी. दक्षिण भारत-श्रीलंकेच्या काचेत नेमके उलटे. म्हणजे कोकणचा हा किनारा आणि आफ्रिका यांच्यातल्या व्यापाराला मण्यांनीच दुजोरा दिला. मात्र म्हणून ही काच चौलच्याच वाळूतून निघाली, असे म्हणता येत नाही. सह्याद्रीच्या बसाल्टमध्ये युरेनियम नगण्य असते. ते ग्रॅनाइटी प्रदेशात अधिक मिळते. चौल बंदर मण्यांचे, काच मात्र दुसऱ्या मुलखातली असू शकते.

गैरसमज : तपासणीसाठी मणी फोडावा लागतो, यंत्र मग गाव आणि वय दोन्ही सांगते.

वस्तुस्थिती : आता लेसरच्या किरणाने केसाच्या जाडीएवढे छिद्र पाडले तरी पुरते. उडालेले कण मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातात आणि दशलक्षांश प्रमाणातली मूलद्रव्येही मोजली जातात. मणी शाबूत राहतो. वय मात्र यंत्र सांगत नाही. ते ज्या थरात मणी सापडला तो थर सांगतो. जुनी काच पुन्हा वितळवली असेल तर सगळाच हिशेब बिघडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण पुनर्वापरही खुणा ठेवतो. काच नितळ करण्यासाठी रोमन कारागीर अँटिमनी किंवा मँगनीज घालत. दोन्ही एकाच तुकड्यात दिसली की मिसळ झाल्याचा संशय पक्का होतो.

म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नये. घटकांनी काचेचे मूळ सांगावे, थराने काळ सांगावा आणि भट्टीची राख, मुशी, काचेचे वाया गेलेले तुकडे यांनी कारखाना दाखवावा. अशा फुटक्या तुकड्यांना कचरा समजून टाकून दिले, तर अख्खा मणी हाती असूनही तो कुणी आणि कुठे घडवला, हे कळायचे राहून जाईल.