खोलीचा कागद तिच्या नावावर



दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका मावशींनी पंधरा हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "भाचीला पुण्यात खोली घ्यायचीय, डिपॉझिट भरायचंय." बैठक एकदम गप्प झाली. मग एकजण बोलली, "पोरगी एकटी राहणार आणि त्याला आपण पैसे द्यायचे?" त्यावर आमच्या सचिवताईंनी वही उघडून मागची दोन पानं दाखवली. गटातल्या दोन पोरांच्या मोटारसायकलींना आपण कर्ज दिलं होतं. तेव्हा गाडी घेऊन पोरगा कुठं फिरणार, हे कुणी विचारलं नव्हतं. कर्ज मंजूर झालं. पण त्या निमित्तानं आम्हाला कळलं की खोली भाड्यानं कशी घेतात हे आमच्यातल्या एकीलाही नीट माहीत नाही. शेतीचा सातबारा वाचता येतो, पण भाड्याचा करार कधी हातात धरलेला नाही. म्हणून आजचं हे बोलणं.

या भाचीचे आईवडील ऊसतोडीला जातात, सहा महिने गावात नसतात. म्हणून सगळं मावशीवर. पोरीनं जीएनएम केलं, हडपसर भागात एका दवाखान्यात नोकरी लागली. सुरुवातीला ती 'कॉट बेसिस'वर राहिली. म्हणजे एका खोलीत चार-पाच खाटा आणि भाडं खाटेचं. दहा हजार डिपॉझिट रोख दिलं, पावती नाही. तिसऱ्या महिन्यात तिथला माणूस म्हणाला, रात्रपाळीच्या मुली नकोत, महिनाअखेर जा. डिपॉझिट मागितलं तर रंगाचे कापले, साफसफाईचे कापले, आणि शेवटी फोन उचलणंच बंद. घरी कळलं तसं वडिलांचं एकच पालुपद सुरू झालं, "परत ये, स्थळं बघू." दहा हजार गेले ते गेलेच, पण त्यांच्यापायी तीन वर्षांचं शिक्षण आणि नोकरी जाते की काय, अशी वेळ आली.

दुसऱ्या वेळी मावशींनी घाई केली नाही. पहिली गोष्ट, खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया दिला नाही. फोनवर फोटो दाखवून "टोकन पाठवा, नाहीतर खोली जाईल" म्हणणारे पुष्कळ भेटतात. खोली गेली तर जाऊ द्या. दुसरी गोष्ट, बोलणारा माणूस खरंच मालक आहे का, हे तपासलं. त्यासाठी फार काही लागत नाही. लाईटबिल आणि घरपट्टीची पावती बघायला मागायची, त्यावरचं नाव आणि समोरच्याचं आधार जुळतंय का पाहायचं. नाव सासऱ्याचं असेल, भावाचं असेल, तर ज्याचं नाव त्याची सही. "मीच बघतो इथलं सगळं" असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात पैसे ठेवायचे नाहीत.

आता कराराचं. शहरात खोल्या बहुतेक 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर देतात, साधारण अकरा महिन्यांच्या. शंभर-पाचशेच्या बाँडवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारला की झालं, असं एजंट सांगतो. आम्हीही तेच खरं मानत होतो. तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी हवा आणि त्याची सरकारी नोंदणी हवी, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणखी एक आहे, आणि ते आम्हाला फार आवडलं. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. त्या खोट्या आहेत हे मालकानं सिद्ध करायचं.

खर्च किती? या भाचीनं तिच्याच वॉर्डातल्या एका मुलीबरोबर खोली घेतली. भाडं नऊ हजार, डिपॉझिट तीस हजार, दोघींत निम्मं निम्मं. मुद्रांक शुल्क पाव टक्का लागतं. अकरा महिन्यांचं भाडं नव्व्याण्णव हजार, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी व्याज धरून मिळवायचं, आणि त्या बेरजेचा पाव टक्का. अडीचशे रुपयांच्या आसपास होतात. शहरात नोंदणी फी एक हजार, गावात पाचशे. वर कागदपत्रं हाताळण्याचा थोडा खर्च आणि मशीन घेऊन घरी येणाऱ्या माणसाची फी. हो, घरी येतात. मालकाचा आणि भाडेकरूचा फोटो आणि अंगठा तिथंच घेतात आणि आधारशी जुळवतात. हा खर्च कुणी भरायचा ते आधी ठरवून घ्या, बहुतेक ठिकाणी निम्मा-निम्मा भरतात.

इथं एक घोळ होता होता राहिला. मालकाला करार एकीच्याच नावावर हवा होता, "कटकट नको" म्हणून. मग दुसरी कोण? उद्या पहिलीनं नोकरी सोडली तर दुसरीचे पंधरा हजार कुणाकडे मागायचे? भाचीनंच हे विचारलं, मावशी गप्प होत्या. करार दोघींच्या नावावर झाला, आणि कुणाचं किती डिपॉझिट हेही त्यात लिहिलं. पैसे दोघींनी आपापल्या बँक खात्यातून भरले.

सही करण्याआधी करार वाचायचा, आणि वाचायचा तो मुलीनं. मामा, काका, भाऊजी बरोबर असतात, मालक त्यांच्याशीच बोलतो, आणि जिला राहायचंय ती दारात उभी. असं होऊ देऊ नका. लाईटबिल वेगळं की भाड्यात, मीटर स्वतंत्र की वाटून, पाणी किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकरचे पैसे कुणाचे, रात्रपाळीवरून पहाटे आलं तर गेट उघडं असतं का, सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि कशाकशाचे पैसे कापणार. हे तोंडी ठरलं तरी कागदावर यायला हवं. राहायला गेल्या दिवशी मीटरचा आकडा, भिंतीची ओल, फुटलेली फरशी, सगळ्याचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवायचे. सोडताना तेच कामाला येतात. भाडं शक्यतो खात्यावर, रोख दिलं तर पावती.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते, ती मालकानं द्यायची असते. आपल्याकडे पोलिसांचं नाव निघालं की घरात चर्चा सुरू होते, पण ही नुसती नोंद आहे. मात्र आधारची प्रत कुणालाही देताना तिच्यावर "भाडेकरारासाठी" असं आणि तारीख लिहून द्या.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. पाच खोल्या पाहिल्या, त्यातल्या दोन ठिकाणी आडनाव विचारलं आणि मग "आत्ताच गेली हो" असं उत्तर मिळालं. लग्न झालंय का, मटण करता का, हेही विचारलं. मुसलमान मैत्रिणींच्या मुलींना तर याहून जास्त फिरावं लागतं. यावर आमच्याकडे तोडगा नाही. एवढंच करता येतं की फिरायला चार दिवस जास्तीचे धरायचे आणि पोरीला एकटीनं ते ऐकायला पाठवायचं नाही. खोली मिळेचना, तर नोकरी करणाऱ्या महिलांसाठी सरकारी योजनेतली वसतिगृहं असतात, 'सखी निवास' म्हणतात. त्या भागात आहे का आणि जागा आहे का, याची चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करा.

सामान म्हणाल तर गॅसची काळजी करू नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्याला सबसिडी नसते एवढंच. बाकी एक कुकर, एक तवा, आणि दाराला आतून चांगली कडी. कडी मावशींनी स्वतः बसवून घेतली. अडचणीला ११२ आणि महिलांसाठी १८१ हे दोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला लिहिले.

मावशी दोन रात्री राहिल्या. निघताना म्हणाल्या, एक किल्ली माझ्याकडे असू दे. भाची म्हणाली, "मावशी, तू तिनशे किलोमीटरवरून कुलूप उघडणार का? ती किल्ली माझ्या मैत्रिणीकडे राहू दे, वॉर्डात." मावशींना लागलं ते. एसटीत बसेपर्यंत बोलल्या नाहीत. पण किल्ली दिली.

कर्जाचा हप्ता महिन्याला दीड हजार आणि वर व्याज. भाची पाच तारखेच्या आत मावशींच्या खात्यावर टाकते. सहा हप्ते झाले, चार राहिलेत.