मायकोप्लाझ्माजन्य जंतुरक्तता

मायकोप्लाझ्मा होमिनिस या कोशिकाभित्तिहीन सूक्ष्मजंतूचा रक्तप्रवाहात प्रवेश झाल्याने निर्माण होणारी अवस्था. प्रसूती, सिझेरियन शस्त्रक्रिया, गर्भपात व गर्भाशयावरील इतर शस्त्रक्रिया यांनंतर ती आढळते. हे सूक्ष्मजंतू अनेक निरोगी स्त्रियांच्या जननमार्गात उपद्रव न करता राहतात. गर्भाशयाच्या अस्तराला झालेल्या जखमेतून ते रक्तात शिरू शकतात. सूतिकाज्वराशी साखळीरूप जंतूंचा असलेला संबंध लूई पाश्चर यांनी १८७९ मध्ये दाखविला. मायकोप्लाझ्मा होमिनिस मात्र १९३७ मध्ये एल. डीन्स व जी. एडसॉल यांनी बार्थोलिन ग्रंथीच्या गळवातून प्रथम वेगळा केला.

लक्षणे : प्रसूतीनंतर एकदोन दिवसांत ताप येतो. पुष्कळदा तो आपोआप उतरतो. परंतु काही रुग्णांत जखमेत किंवा सांध्यात पू होतो. नवजात अर्भकास मस्तिष्कावरणशोथ होण्याचाही संभव असतो.

निदान : नेहमीच्या रक्तसंवर्धनात हा सूक्ष्मजंतू सहसा निसटतो. कोशिकाभित्ती नसल्याने ग्रॅम रंजनात तो दिसत नाही. रक्त गोठू नये म्हणून संवर्धन बाटलीत घातलेले सोडियम पॉलिअ‍ॅनेथॉल सल्फोनेट त्याच्या वाढीस प्रतिबंध करते. जिलेटीन मिसळल्यास हा परिणाम काही अंशी कमी होतो. स्वयंचलित यंत्रे जंतूंनी निर्माण केलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडावरून वाढ ओळखतात. हा सूक्ष्मजंतू तो फारच थोडा निर्माण करीत असल्याने वाढ होऊनही यंत्र इशारा देत नाही. म्हणून संशय असल्यास इशारा न दिलेल्या बाटलीतूनही विशेष संवर्धकावर पुनर्संवर्धन करतात. आर्जिनीनयुक्त द्रव संवर्धकात अमोनिया निर्माण होऊन दर्शकाचा रंग बदलतो. घन संवर्धकावर मध्यभागी दाट व कडेला विरळ असे सूक्ष्म निवह दिसतात. रिबोसोमी जनुकाचा शोध घेणाऱ्या पॉलिमरेज शृंखला विक्रियेने संवर्धनाशिवायही निदान होते.

उपचार : पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरिने कोशिकाभित्तीच्या निर्मितीवर आघात करतात, म्हणून ती येथे निष्प्रभ ठरतात. एरिथ्रोमायसिनाचाही उपयोग होत नाही. सामान्यतः क्लिंडामायसीन किंवा डॉक्सिसायक्लीन गुणकारी असते; गर्भारपणात डॉक्सिसायक्लीन टाळतात. याउलट, याच गटातील यूरियाप्लाझ्मा क्लिंडामायसिनाला दाद देत नाही. यामुळे जंतूची नेमकी ओळख पटणे महत्त्वाचे असते. पेनिसिलीन देऊनही बाळंतिणीचा ताप उतरत नसेल, तर रक्तसंवर्धनाच्या नकारात्मक अहवालावरून संक्रामण नाही असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.