जड वजन, थोडीं आवर्तनें : हौशी मनुष्यास हितकर कीं कसें ?

हल्लीं शहरांत गल्लोगल्लीं ‘जिम’ निघाल्या आहेत, आणि कचेरीचें काम आटोपून तेथें जाणारा वर्ग पुष्कळ वाढला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. या मंडळींत एक वाद मात्र नेहमीं ऐकूं येतो. बारबेलवर इतकें वजन चढवावें कीं तें तीन-चारदांच उचलतां यावें, कीं हलकें घेऊन दहा-पंधरा वेळां उचलावें ? पहिला पक्ष दुसऱ्यास नुसता घाम गाळणारा म्हणून हिणवतो. दुसरा पहिल्यास कंबर मोडून घेणारा वेडा समजतो. ज्यास कुस्ती मारावयाची नाहीं कीं स्पर्धेंत उतरावयाचें नाहीं, अशा हौशी मनुष्यानें कोणाचें ऐकावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, स्नायूचा आकार व स्नायूचें बळ हीं दोन भिन्न फळें आहेत. बळ केवळ मांसांत नसतें. मेंदूची आज्ञा एकाच वेळीं किती स्नायुतंतूंस कामास लावते, यावरही तें अवलंबून असतें. जड वजनानें ही आज्ञा देण्याची हातोटी साधते. २०१७ सालीं ब्रॅड शोनफेल्ड व त्यांचे सहकारी यांनीं अनेक प्रयोगांचा एकत्र ताळा करून दाखविलें कीं, प्रत्येक फेरी पुढें एकही आवर्तन निघूं नये येथवर नेली, तर हलक्या व जड वजनानें स्नायू जवळजवळ सारखेच वाढतात. एकदांच उचलावयाच्या कमाल वजनांत मात्र जड पक्ष सरस ठरतो.

याच संशोधकांचा २०१४ चा प्रयोग आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. व्यायामास सरावलेल्या तरुणांपैकीं एका गटास तीन आवर्तनांच्या सात फेऱ्या, तर दुसऱ्यास दहा आवर्तनांच्या तीन फेऱ्या दिल्या. आठ आठवड्यांनीं दंडाची जाडी दोहोंकडे सारखीच वाढली. बळांत पहिला गट पुढें गेला. पण एका दिवसाच्या व्यायामास पहिल्या गटास सुमारें ७० मिनिटें लागत, दुसऱ्यास १७ ! जड वजनाच्या दोन फेऱ्यांमध्यें विसांवा लांब घ्यावा लागतो, त्याचा हा परिणाम. संसारी मनुष्याच्या दिवसांतून ५३ मिनिटें जाणें म्हणजे काय, हें मुलांचा अभ्यास घेणाऱ्या कोणाही बापास सांगावयास नको.

जड वजनाच्या विरुद्ध कित्येक जण आयुर्वेदाचा आधार काढतात. व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा, असें सुश्रुत व वाग्भट सांगतात, हें खरें. परंतु सुश्रुतानें अर्ध्या बळाचें लक्षण दिलें आहे तें श्वास तोंडावाटे येऊं लागण्याचें. तें माप श्रमाचें आहे, वजनाचें नव्हे. जो सात वेळां उचलूं शकतो तें वजन पांचदां उचलून थांबतो, त्यानें या वचनाचा भंग केला असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या तालमींतूनही रोजची मेहनत जोर-बैठकांचीच असे. दगडी नाल उचलणें ही क्वचित् घेण्याची परीक्षा. ती रोज देत बसण्याचा हव्यास आरशापुढील तरुणांत दिसतो, तो आम्हांस पसंत नाहीं. ज्यांस रक्तदाबाचा विकार आहे त्यांनीं तर डॉक्टरांस विचारल्यावांचून या वाटेस जाऊं नये. श्वास कोंडून जड वजन रेटतांना रक्तदाब फार चढतो.

मग लाभ कोणास ? येथें एक नवल आहे. ज्यांस आपण ‘जड उचलूं नका’ म्हणून बजावतों, त्या प्रौढ स्त्रियांसच तो मोठा असल्याचें ऑस्ट्रेलियांतील ग्रिफिथ विद्यापीठाच्या प्रयोगांत दिसून आलें. ऋतुनिवृत्ति झालेल्या, हाडें विरळ झालेल्या १०१ स्त्रिया त्यांत होत्या. पैकीं एका गटानें आठ महिने, आठवड्यांतून दोनदां, अर्धा अर्धा तास, पांच आवर्तनांच्या पांच फेऱ्या अशा रीतीनें जड वजनें उचललीं. कमरेच्या मणक्यांची घनता त्यांच्यांत २.९ टक्के वाढली. घरीं हलका व्यायाम करणाऱ्या गटांत ती १.२ टक्के घटली. हे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. मात्र आरंभीं हलक्या वजनावर रीत पक्की करून घेतली होती, आणि जाणता प्रशिक्षक जवळ उभा असे.

तेव्हां तिशी-चाळिशीच्या हौशी मनुष्यानें कांहीं महिने हलक्या वजनावर अंग वळवून घ्यावें, नंतर स्क्वॉट वा डेडलिफ्ट अशा एखाद्या प्रकारापुरतीं पांच पांच जड आवर्तनें, दोनेक शिल्लक ठेवून, करावीं. बाकीचा व्यायाम दहा-बारांचाच असूं द्यावा. आठवड्यांतून दोन दिवस पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०२० सालीं स्नायुबळाच्या व्यायामास किमान दोनच दिवस सांगितले आहेत.

राहतां राहिली स्त्रियांची गोष्ट. सकाळीं दहानंतर, नोकरदार मंडळी कामावर गेलेली असतां, जिममधील वजनें बहुधा रिकामींच पडून असतात. त्या वेळीं पन्नाशी उलटलेल्या भगिनींकरितां जाणता प्रशिक्षक नेमून वर्ग काढण्यास चालकांस अडचण कोणती, हें आम्हांस समजत नाहीं.