वायतुऱ्याच्या नावामागची माणसं

मुलगी एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. करायची म्हणते. अशा घरातून आम्हाला सारखा एकच प्रश्न येतो : मार्गदर्शक कुणाला धरावं? ओळखीतून मिळालेलं नाव पुष्कळदा चुकीचं निघतं. आणि ज्या घरात पहिल्यांदाच कुणी संशोधनाकडे वळतंय, तिथे ओळख तरी कुठून असणार?

सातारकरांसाठी कासचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात पठारावरच्या पाणथळ जागी वायतुरा फुलतो, दोन फाट्यांचा तुरा असतो त्याचा. शास्त्रीय नाव अ‍ॅपोनोजेटन सातारेन्सिस, म्हणजे साताऱ्याचंच नाव लागलेलं. वनस्पतीचं नाव पूर्ण लिहिताना पुढे ती प्रथम नोंदवणाऱ्यांची नावं जोडतात. इथे ती आहेत सुंदरराघवन, ए. आर. कुलकर्णी आणि एस. आर. यादव. यादव सर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ. एका फुलाच्या नावातूनच धागा हाती लागला.

आता हे नाव गुगल स्कॉलरवर टाका. प्रत्येक शोधनिबंधाखाली त्याचा आधार पुढे किती जणांनी घेतला, तो आकडा दिसतो. आकड्यापेक्षा त्यावर टिचकी मारल्यावर उघडणारी यादी मोलाची, कारण आज त्या विषयात कोण काम करतंय ते तिथे कळतं. वेगवेगळ्या विषयांचे आकडे मात्र एकमेकांशी ताडू नका. हळदीतल्या कर्क्युमिनवर जगभर लिहिलं जातं, कासच्या एका पाणवनस्पतीवर मोजकेच लिहिणार.

नावांचा घोळ मोठा, आपल्याकडे तर जास्तच. ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. निकाहनंतर आडनाव बदललं, की एकाच बाईचं काम दोन नावांत विभागतं. म्हणून नावासोबत संस्था आणि विषय पडताळून पाहावा. आपल्या मुलीने पहिल्या निबंधापासून एकच स्पेलिंग धरावं आणि ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक काढून घ्यावा. तो फुकट मिळतो.

यानंतर शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा प्रबंधांचा साठा कुणालाही मोफत वाचता येतो. शिवाजी विद्यापीठ, मग विभाग, मग मार्गदर्शक असं उघडत गेलं, की कुणाच्या हाताखाली किती प्रबंध पूर्ण झाले आणि शेवटचा कधी, हे समजतं. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची जरूर वाचा. पाच प्रबंधांत जी नावं पुन्हा पुन्हा येतात, ती त्या विषयातली मोठी माणसं समजावीत. हीच रीत इतिहासालाही लागू पडते. मिरजेच्या आदिलशाही काळावर काम करायचं, तर विजापूरच्या सूफींवरचं रिचर्ड ईटन यांचं 1978 चं पुस्तक सूचीत भेटायलाच हवं.

सगळं काही संगणकावर सापडत नाही, हेही खरं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यावरचं बरंच काम कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रात झालं आहे. अशा केंद्रांच्या मराठी पुस्तिका गुगल स्कॉलरवर क्वचितच दिसतात. तिथे एसटीने जाऊन विचारलेलं बरं.

निबंध विकत घ्यायची घाई नको. सरकारी महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना 2025 पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. नाहीतर लेखकालाच दोन ओळींचा ई-मेल करावा, प्रत बहुधा मिळते.

‘पैसे भरा, आठ दिवसांत निबंध छापून देतो’ असा मेसेज आला, तर अब्बांनी खिशात हात घालू नये. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्रबंध देण्याआधी निबंध छापण्याची सक्ती उरलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा लेखी विचारून घ्या, आणि त्या नियतकालिकात यादव सरांसारख्यांचं कधी काही आलंय का, तेही पाहा.