ॲव्हरेज किती देतं?

आपल्याकडे कुणी नवी स्कूटर घेतली की शेजारीपाजारी पेढा तोंडात टाकता टाकता विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" घेणाराही अभिमानाने आकडा सांगतो. तो आकडा जाहिरातीतला असतो. खड्डे चुकवत, सिग्नलला थांबत, मागे माणूस नि पुढे भाजीची पिशवी घेऊन तो कधीच मिळत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं.

२०२५ च्या मे महिन्यात हाच प्रश्न मी माझ्या नातवाला विचारला. वस्तू मात्र स्कूटर नव्हती, ग्राफिक्स कार्ड होतं. दहावीला ८५ टक्के मिळाले तर कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी ते घेऊन देईन, असं मी कबूल करून बसले होते. मिळाले ८२. त्याच्या मनातलं कार्ड तीस हजारांच्या घरातलं आणि पैसे माझ्या पेन्शनमधले.

"आजी, तीनच टक्के कमी पडले गं!" तो म्हणाला. मी ना हो म्हटलं ना नाही. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई मी. म्हटलं, "तीस हजारांत नेमकं काय मिळतं, ते आधी मला समजावून दे."

त्याने समजावलं. खेळातलं चित्र सिनेमासारखं आधी काढून ठेवलेलं नसतं. आपण मान वळवली की समोरचा रस्ता, झाडं, सावल्या नव्याने काढाव्या लागतात. ते काम या कार्डाचं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. तोच खेळ, तेच प्रसंग वेगवेगळ्या कार्डांवर चालवून कोण किती चित्रं काढतं ते मोजायचं, याला म्हणतात बेंचमार्क. त्याने मोबाइलवर रंगीत पट्ट्यांचे तक्ते दाखवले. प्रत्येक पट्टीपुढे एक सरासरी.

सरासरी म्हटल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. समजा, पहिल्या अर्ध्या सेकंदात कार्डाने ५९ चित्रं भराभर काढली आणि शेवटच्या एकाच चित्राला उरलेला अर्धा सेकंद लावला. सरासरी? साठच! पण खेळणाऱ्याला दिसणार काय, तर मध्येच थिजलेला पडदा. "आजी, यालाच आम्ही स्टटर म्हणतो," नातू म्हणाला. हा मुद्दा २०११ साली अमेरिकेतल्या 'टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी लावून धरला. सेकंदाची सरासरी पुरे, प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते बघा, असं त्यांचं म्हणणं. आज चांगल्या चाचणीत सरासरीशेजारी '१ टक्का लो' असा आकडा देतात, तो याच विचारातून. सर्वांत रखडलेल्या एक टक्का चित्रांच्या वेळी वेग किती होता, हे त्यातून कळतं.

पण आकड्यांची खरी गंमत पुढेच आहे. फिनलंडच्या फ्यूचरमार्क कंपनीची 'थ्रीडीमार्क ०३' ही चाचणी २००३ साली जगभर वापरली जाई. तिच्यातला कॅमेरा दर वेळी ठरलेल्या वाटेनेच फिरे. जाणकारांनी तो वाटेवरून बाजूला नेला, तर एन्व्हिडियाच्या कार्डांवर चित्र बिघडलेलं दिसलं. जिथे कुणी बघणार नाही तिथलं काम गाळलेलं होतं! फ्यूचरमार्कने ड्रायव्हरला चाचणी ओळखता येणार नाही अशी दुरुस्ती केली, तेव्हा काही कार्डांचे गुण २४ टक्क्यांपर्यंत घसरले. प्रतिस्पर्धी एटीआयचेही सुमारे दोन टक्के उतरले. पुढे फ्यूचरमार्क आणि एन्व्हिडियाने संयुक्त निवेदन काढलं, त्यात 'फसवणूक' हा शब्द मागे घेतला गेला, हेही सांगायला हवं. त्याआधी २००१ मध्ये 'क्वेक थ्री' या खेळाच्या फाइलमधलं 'क्वेक' हे नाव बदलून कुणीतरी 'क्वॅक' केलं. एटीआयच्या कार्डावर वेग कमी झाला आणि चित्र जास्त रेखीव दिसू लागलं. नाव ओळखून ड्रायव्हर आपली वागणूक बदलत होता.

हे ऐकून मी हसले, पण आतून जरा ओशाळलेच. 'एकवीस अपेक्षित' पाठ करून पास होणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि शाळेच्या तपासणीला साहेब यायच्या आदल्या दिवशी वर्गाला मीच पढवलं आहे, "उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा." साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसला. डाव्या हातांचं काय, ते त्यांना कळलं नाही. खरं सांगायचं तर नंतर मीही फारसं पाहिलं नाही.

हल्ली ही परीक्षा आणखी अवघड झाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये एन्व्हिडियाने जाहीर केलं की ५४९ डॉलरचं नवं आरटीएक्स ५०७० कार्ड आधीच्या पिढीतल्या १५९९ डॉलरच्या आरटीएक्स ४०९० इतका वेग देईल. यातली मेख अशी की नवं कार्ड खरोखर काढलेल्या एका चित्रामागे कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली तीनपर्यंत चित्रं घालू शकतं. हालचाल डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण आपण कळ दाबल्यावर खेळाने दिलेला प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही. दोन्ही आकडे एका पट्टीवर मांडणं म्हणजे पेपर आणि गाइड एकत्र तपासणं.

एवढं शिकून आम्ही डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. एका दुकानदाराने तक्ता पुढे केला. महागड्या कार्डाची पट्टी स्वस्ताच्या दुप्पट लांब. चष्मा लावून पाहिलं, तर आकडे ९६ आणि ८८, आणि पट्टी शून्यापासून नव्हे, ८० पासून सुरू! आम्ही काही न घेता परतलो.

पुढच्या रविवारी नातवाच्या मित्राकडे स्वस्तातलं तेच कार्ड चालवून पाहिलं. खेळ नातवाचा नेहमीचा, सेटिंग त्याची, आणि वेळ एका मिनिटाऐवजी अर्धा तास. कारण कार्ड तापलं की वेग उतरवतं, आणि आपला मे महिना काही प्रयोगशाळेतला नसतो. मग लक्षात आलं की आमचा मॉनिटर मुळात सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. स्वस्त कार्ड तेवढी न अडखळता देत होतं. तेच घेतलं. नऊ हजार वाचले.

घरी येताना गाडीत नातू हळूच म्हणाला, "आजी, माझे ८२ टक्के पण ॲव्हरेजच ना?" निकालाच्या दिवशी मी टक्क्यांपुढे पाहिलंच नव्हतं. घरी गुणपत्रिका मागितली. दहावीला सहापैकी सर्वांत चांगले पाच विषय धरून टक्के काढतात, 'बेस्ट ऑफ फाइव्ह' म्हणतात त्याला. सुटलेला सहावा विषय होता गणित. ५८.

"वर्षभर मला का नाही विचारलंस?"

"तू गणिताच्या बाई ना. तुला वाईट वाटलं असतं."

तीन टक्क्यांसाठी मी तोंड वाकडं करून बसले होते आणि पोर अडखळत होतं ते भलतीकडेच. आता रोज संध्याकाळी सात ते आठ आम्ही बीजगणित करतो. आठ वाजता तो कार्डाकडे वळतो. मधूनमधून मीही शेजारी बसते. पडदा कुठे अडतो का, ते बघत.