सरहद्दीच्या दोन बाजूंचे दोन मित्र

१९५५च्या सुमारास पॅरिसमधल्या एका दुकानात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, फ्रान्स्वा त्र्युफो या तरुण चित्रपट-समीक्षकाला ‘झ्यूल ए जिम’ ही कादंबरी सापडली. १९५३ साली निघालेली. लेखक आन्री-पिएर रोशे सत्तरी ओलांडलेला, आणि कादंबरी त्याची पहिलीच. पुढे एका परीक्षणात त्र्युफोने तिचे कौतुक केले, त्यातून दोघांचा पत्रव्यवहार जमला. पण १९५९ साली रोशे वारला. त्र्युफोने या कादंबरीवर केलेला, १९६२च्या जानेवारीत आलेला चित्रपट त्याला पाहायला मिळाला नाही.

रोशे मूळचा कलासंग्राहकांचा सल्लागार. इंदूरचे यशवंतराव होळकर आणि शिल्पकार ब्रांकुशी यांची गाठ घालून देणारा तोच. कादंबरीतला जिमही तोच. झ्यूल म्हणजे जर्मन लेखक फ्रान्त्स हेसेल. १९०६ साली पॅरिसमध्ये जमलेली त्यांची मैत्री हेसेलच्या लग्नानंतरही टिकली. हेसेलची पत्नी हेलेन ग्रुंड हिच्यावर रोशेचे प्रेम बसले, तेही हेसेलला ठाऊक असताना.

पडद्यावर ही गोष्ट १९१२ साली सुरू होते. ऑस्ट्रियन झ्यूल (ऑस्कर वेर्नर), फ्रेंच जिम (आन्री सेर) आणि दोघांनाही ओढ लावणारी कातरीन (झान मोरो). पुलावर तिघांची शर्यत लागते, कातरीन पुरुषी वेशात धावते आणि लबाडी करून जिंकते. राऊल कुतारचा कॅमेरा इतका मोकळा हिंडतो की आपणही त्यांच्याबरोबर पळू लागतो. तोवर युद्ध येते. मित्र समोरासमोरच्या सैन्यांत जातात. मरणाइतकीच त्यांना दुसरीही धास्ती असते: आपल्याच गोळीने समोरचा मित्र तर मरणार नाही ना? म्हणून रशियन आघाडीवर बदली झाल्याचे झ्यूलला बरेच वाटते. युद्धाची ही दृश्ये त्र्युफोने नव्याने चित्रित केली नाहीत. जुनी वृत्तचित्रे रुंद पडद्यावर ताणून वापरली. ताणलेल्या त्या चित्रांत सैनिक आडवे, बुटके दिसतात, आणि हसरा चित्रपट अचानक परका होतो.

युद्धानंतर जिम झ्यूलच्या घरी येतो. दुरावा झ्यूल आणि जिममध्ये नाही, नवरा-बायकोत आहे. कातरीन जिमकडे वळते, तेव्हा झ्यूल तिला अडवत नाही. ती कायमची निघून जाण्यापेक्षा मित्राच्या सोबतीने जवळ राहिलेली त्याला चालते. दोन सरकारांना जी मैत्री मोडता आली नाही, ती इथे मात्र दरवेळी थोडी थोडी झिजते. शेवटाकडे तिघे चित्रपटगृहात भेटतात आणि पडद्यावर नाझींनी पेटवलेली पुस्तके दिसतात. दुसरे युद्ध दारात उभे आहे. त्याआधीच कातरीन जिमला गाडीत बसवते आणि गाडी तुटक्या पुलावरून नदीत घालते. मागे झ्यूल उरतो, मुलीसह.

वास्तव वेगळे घडले. हेसेल ज्यू कुळातला. समीक्षक वाल्टर बेन्यामिनबरोबर त्याने फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तचे जर्मन भाषांतर केले होते. १९३८ साली तो फ्रान्सला पळून आला, पण युद्ध पेटल्यावर फ्रान्सनेच त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून छावणीत डांबले. १९४१ साली तो गेला. त्याचा मुलगा स्तेफान फ्रेंच प्रतिकार चळवळीत लढला आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचला. पडद्यावर कातरीनच्या रूपात नदीत बुडालेली हेलेन प्रत्यक्षात १९८२पर्यंत जगली. तिची स्वतःची रोजनिशीही नंतर प्रसिद्ध झाली.

म्हणूनच या चित्रपटाला निव्वळ प्रेमत्रिकोण म्हणणे अपुरे ठरते. त्र्युफोने मैत्रीची बाजू पुरेपूर मांडली. कातरीन मात्र दोन पुरुषांच्या नजरेतूनच दिसत राहिली. झान मोरोच्या अभिनयाने ती उणीव बरीच भरून काढली, तरी पुरती नाही. चित्रपट जरूर पाहा. पण रोशेच्या कादंबरीइतकीच हेलेनची रोजनिशीही वाचावी, तेव्हाच या गोष्टीची तिसरी बाजू कळते.